जुनं म्हणजे प्रायमरी नव्हे गं बाई

या वेळचं पत्र सासवडहून आलंय, इतिहासाच्या साधनांबद्दल. (प्रायमरी सोर्स म्हणजे त्या काळातला मूळ पुरावा, आणि सेकंडरी म्हणजे त्यावरून इतरांनी नंतर लिहिलेलं, अशी पाठ्यपुस्तकी व्याख्या.) थोडं कापून देतेय, कारण मूळ पत्रात गाईडना घातलेल्या शिव्यापण होत्या.

"ताई, मी एमए पार्ट टू, हिस्टरी. डिझर्टेशनचा विषय १८९७ चा पुण्यातला प्लेग आणि लोकांनी त्याला कसं तोंड दिलं. पहिलं चॅप्टर सरांना दिलं तर त्यांनी लाल पेनने एकच वाक्य लिहून परत केलं, 'प्रायमरी सोर्सेस कुठे आहेत?' अहो मी चौदा पुस्तकं वाचलीत, त्यातली तीन तर इतकी जुनी की पान उलटलं तर तुकडा हातात येतो. गॅझेटियर आहे. केसरीतले उतारे दिलेत. रँडच्या रिपोर्टची पीडीएफ आहे पण मैत्रीण म्हणते पीडीएफ प्रायमरी धरत नाहीत, ओरिजिनल कागदच लागतो. माझी आजी ८८ ची आहे, ती तिच्या आजीकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगते, त्या धरायच्या का? व्याख्या पाठ आहेत हो सगळ्या, पण समोर कागद आला की हा कुठल्या खणात टाकायचा तेच कळत नाही. सबमिशनला दोन महिने राहिलेत. – वैतागलेली"

अगं वैतागलेली, पहिलं म्हणजे सरांवर राग धरू नकोस, एका वाक्यात का होईना पण त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय, आणि ज्यांचे गाईड चॅप्टर न उघडताच "छान आहे, पुढे चला" म्हणतात त्यांचे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, काय हाल होतात ते मी पाहिलेत. (एकदा भोगलेतसुद्धा, सांगते पुढे.)

तुझा घोटाळा खण या शब्दातच आहे बघ. तुला वाटतंय की प्रत्येक कागदाच्या कपाळावर जन्मतःच शिक्का असतो, हा प्रायमरी, तो सेकंडरी, आपण फक्त ओळखून त्या त्या खणात टाकायचा. तसं नसतं. एकच कागद एका प्रश्नाला प्रायमरी असतो आणि दुसऱ्या प्रश्नाला नसतो, म्हणून कागद हातात घ्यायच्या आधी प्रश्न काय ते ठरवावं लागतं. तुझ्या पत्रात विषय आहे पण प्रश्न नाहीये. "लोकांनी कसं तोंड दिलं" हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झालं.

लग्नातली आहेराची वही आठव. दार अडवून टेबलावर बसलेला कुणी मामा किंवा आतेभाऊ ती लिहितो, नाव, गाव, रक्कम. आता वीस वर्षांनी कुणी विचारलं की अमक्या काकांनी किती दिले, तर ती वही अस्सल पुरावा, तिच्यापुढे कुणाची आठवण चालायची नाही. पण किती माणसं जेवली असं विचारलं तर वही अर्धवट, कारण आहेर न देता जेवून गेलेले तिच्यात नाहीत आणि पाकीट पाठवून घरीच बसलेले मात्र आहेत. आणि वरमाय का रुसली होती हे विचारलंस तर वही मुकी. ते मावशी सांगेल, पण मावशी कुठल्या बाजूची ते बघून ऐकायचं. वही तीच, शाई तीच, प्रश्न बदलला की तिची किंमत बदलते.

आता तुझा प्लेग. तुला बहुतेक गोष्टी ठाऊक आहेत, पण सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात: १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला साथ उघडकीला आली, तिथून ती पुण्यात शिरली, ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, पुण्यात प्लेग कमिटी नेमली, तिचा मुख्य वॉल्टर चार्ल्स रँड, आणि मार्चपासून गोरे सोल्जर घराघरात शिरून आजारी माणसं शोधायला लागले. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

या सगळ्यावर कागद भरपूर आहे गं, तुझं भाग्यच म्हणायचं. शिवकाळावर काम करणाऱ्यांना एकेका चिठोऱ्यासाठी जन्म घालवावा लागतो. आपल्याकडे ही अस्सल कागदांची चळवळ ज्यांनी पेटवली त्या इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी पानिपतच्या वेळच्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली काढला, म्हणजे तुझ्या प्लेगच्या पुढच्याच वर्षी, आणि त्यांचं सांगणं असं की एक अस्सल चिठोरं ढीगभर बखरींना भारी पडतं. हे 'अस्सल' आणि 'समकालीन' शब्द तू वापरायला लाग, प्रायमरी-सेकंडरीपेक्षा ते डोक्यात लवकर बसतात असा माझा अनुभव. आणि याच्या उलट टोकाचा शब्द म्हणजे सांगोवांगी.

बरं, तुझी ती हातात तुकडे येणारी पुस्तकं. पान पिवळं पडलं म्हणून पुस्तक प्रायमरी होत नाही. सभासद बखर १६९७ च्या सुमाराची, म्हणजे सव्वातीनशे वर्षं जुनी, पण सिंहगडाची लढाई १६७० ची, मध्ये सत्तावीस वर्षं गेली. आणि तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं हे आपण सगळे शाळेत घोकत आलो, पण लढाईच्या सात वर्षं आधीच्या, १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड हेच नाव आहे. एवढ्याशा कागदाने केवढी गोष्ट उलटवली बघ. तुझ्या पुस्तकाचं छापील साल बघू नकोस, त्या माणसाला हे कुठून कळलं ते बघ. तो तिथे होता? तिथे असलेल्या कुणाला त्याने विचारलं? की तोही तुझ्यासारखाच चौदा पुस्तकं घेऊन बसला होता?

गॅझेटियरचं तर मला हसूच आलं, माफ कर. पुणे जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर (जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ) १८८५ चं आहे, म्हणजे प्लेगच्या बारा वर्षं आधीचं, त्यात तुझा प्लेग कसा असेल! नवीन आवृत्ती १९५४ ची, ती इतरांच्या लिखाणावरून बेतलेली. तू बहुतेक नव्यातला उतारा जुन्याच्या नावावर टाकलायस, तपास एकदा. पण १८८५ वालं फेकू नकोस हं, प्लेग येण्याआधी पुण्याच्या पेठा कशा होत्या, पाणी कुठून यायचं, वस्ती किती दाट, यासाठी ते चांगलं कामाचं आहे.

आता रँडचा रिपोर्ट. तुझ्या मैत्रिणीला सांग की पीडीएफ हा फोटो आहे, फोटो काढल्याने कागदाचं गोत्र बदलत नाही. १८९७ साली छापलेल्या अहवालाचं स्कॅन तू घरी बसून वाचलंस तरी तो १८९७ चाच अहवाल. फक्त पानं सगळी आहेत का ते मोज, नकाशे आणि शेवटची परिशिष्टं बऱ्याचदा स्कॅनमध्ये गायब असतात किंवा घडी न उघडताच स्कॅन केलेली असतात. आणि स्कॅनखाली जो कॉपी करता येणारा मजकूर येतो ना, मशीनने ओळखलेला, त्यावर अजिबात विसंबू नकोस, जुन्या टायपात ३ चा ८ होतो आणि तुझ्या टेबलात पाचशे माणसं जास्तीची मरतात.

पण प्रायमरी आहे म्हणून त्यातलं सगळं खरं असं नाही, इथेच तुझ्यासारखी हुशार पोरं घसरतात. तीन प्रश्न घे. कमिटीने झडतीचं काम कसं आखलं, तुकड्या कशा पाडल्या, दवाखाना आणि सेग्रिगेशन कॅम्प (रुग्णाच्या घरच्यांना वेगळं ठेवायची छावणी) कुठे उभारला? यासाठी रिपोर्टच्या तोडीचं दुसरं काही नाही, ज्याने केलं त्यानेच लिहिलंय. दुसरा प्रश्न, सोल्जर घरात शिरल्यावर कसे वागले? इथे रिपोर्ट म्हणजे आपणच आपलं प्रगतिपुस्तक भरल्यासारखं आहे, तो एका पक्षकाराचा जबाब झाला, वाचायचा पण न्यायाधीश म्हणून वाचायचा. तिसरा प्रश्न, आपल्या लोकांबद्दल साहेबाला काय वाटत होतं? मग तर जिथे जिथे तो चिडून लिहितो, नेटिव्हांच्या सवयींना नावं ठेवतो, ती वाक्यं सोनं आहेत तुला, ज्या पानांवर माहिती शून्य तीच पानं जास्त बोलतात.

आणि आकड्यांचं म्हणशील तर, माणसं आजारी लपवत होती, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, कारण सापडलं की रुग्ण दवाखान्यात आणि घरचे कॅम्पात. म्हणजे सरकारी तक्त्यातला आकडा हा किती जण मेले याचा नाहीच, किती जण सापडले किंवा नोंदले गेले याचा आहे. एवढं एक वाक्य तुझ्या चॅप्टरमध्ये आलं ना, सरांचं लाल पेन खिशात जाईल.

केसरीकडे येते, इथे जरा थांबणार आहे कारण मी स्वतः इथेच तोंडावर आपटलेय.

तू लिहिलंयस "केसरीतले उतारे दिलेत". कुठून घेतलेस बाळा? अंक पाहिलास का पुस्तकातून उचललास? माझ्या एमफिलच्या वेळी मी एका नावाजलेल्या पुस्तकातून केसरीचा एक झणझणीत उतारा घेतला आणि खाली फुटनोटमध्ये ऐटीत केसरी आणि तारीख टाकली, जणू मीच तो अंक चाळत बसले होते. व्हायवाला बाहेरून आलेले एक सर, शांत, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "हा अंक कुठे पाहिलात?" मी म्हटलं लायब्ररीत. ते म्हणाले, "केसरी मंगळवारी निघायचा, तुमची ही तारीख गुरुवारची आहे." बस. मूळ पुस्तकात तारखेची छपाईची चूक होती आणि मी ती इमानदारीने स्वतःच्या नावावर करून घेतली होती. डिग्री मिळाली, पण तो कप खाली ठेवल्याचा आवाज आजही ऐकू येतो मला.

तर नियम साधा आहे, जे पाहिलंस तेच लिही. पुस्तकातून घेतलं असेल तर "अमुक केसरी, तमुक पुस्तकात उद्धृत" असं लिहायचं, त्यात लाज काही नाही. लाज खोटं सांगण्यात आहे. आणि आता तुलाही युक्ती कळली, तुझ्या सगळ्या केसरीच्या तारखा आज रात्रीच कॅलेंडरला लावून बघ, १५ जून १८९७ मंगळवार, २२ जून मंगळवार, जी तारीख मंगळवारी येत नाही तिथे काहीतरी शिजलंय.

अजून एक सापळा आहे जो पुस्तकात कुणी सांगत नाही. सरकार त्या काळात देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवायचं, दर आठवड्याला मराठी-गुजराती पेपरांचा इंग्रजीत गोषवारा काढून वरच्या साहेबांपुढे ठेवला जायचा. हे गोषवारे शोधायला आणि वाचायला सोपे, इंग्रजीत, ओळीने लावलेले, म्हणून कितीतरी जण तिथलं वाक्य घेतात आणि केसरी म्हणाला असं ठोकून देतात. अगं तो केसरी नाही म्हणाला, सरकारी भाषांतरकार म्हणाला की केसरी असं म्हणाला! सरकार काय वाचत होतं, कशाने बिचकत होतं, हे विचारायचं असेल तर हेच गोषवारे पहिल्या नंबरचं साधन. केसरीचा सूर काय होता, तिरकस होता का हसून बोलला होता, यासाठी मात्र मराठी अंकच. भाषांतर किती महागात पडतं ते टिळकांना विचारावं. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, मराठी लेख त्यांच्यापुढे गेले ते इंग्रजी होऊन, आणि टिळक उभे राहून शब्द न् शब्द सांगत राहिले की भाषांतर वाकडं केलंय. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी, ती पुढे मंडालेच्या तुरुंगात काढली. तुला मराठी येतं, ही तुझी केवढी मोठी कमाई आहे ते लक्षात घे, परदेशातला संशोधक या विषयावर लिहितो तेव्हा तो या एका बाबतीत तुझ्या मागे असतो.

आणि नुसता केसरीच कशाला गं? ज्ञानप्रकाश होता, सुधारक होता, टिळकांचाच इंग्रजी मराठा होता, ब्राह्मणेतर बाजूचा दीनबंधु होता. सगळे एका सुरात बोलत नव्हते. दीनबंधु चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे तर फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगनेच गेले, पाठोपाठ १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले, रुग्णांची सेवा करता करता. म्हणजे जी माणसं वेगळ्या बाजूने लिहू शकली असती त्यातली काही साथीनेच नेली, आणि सदाशिव-नारायण पेठेतल्यांचं मात्र पानंच्या पानं छापील उरलंय. कोण बोललं याच्या शेजारी कुणाचं बोलणं उरलं हेही लिहायचं असतं. बायकांचं तर फारच थोडं. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्ताबद्दल त्याच वर्षी वर्तमानपत्रात लिहिलं होतं ते मात्र नक्की बघ.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे (हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणारं कमिशन) साक्ष द्यायला इंग्लंडात होते. तिथे त्यांना पुण्याहून मित्रांची पत्रं गेली, झडतीच्या नावाखाली काय चाललंय त्याची, त्यात दोन बायकांवर सोल्जरांनी अत्याचार केल्याचंही होतं. गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियनला सांगितलं, छापून आलं, पार्लमेंटपर्यंत गडबड झाली. मुंबई सरकारने इन्कार केला, पुरावा द्या म्हणाले. गोखले परत आले, बोटीवरून उतरून चौकशी केली तर ठामपणे पुढे येऊन सांगणारं कुणी मिळेना, आणि त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. त्या माफीवरून आपल्याच माणसांनी त्यांना कितीतरी वर्षं टोचून खाल्लं.

आता तू सांग, ती पत्रं प्रायमरी की सेकंडरी? व्याख्या लाव तुझी. त्याच काळातली, त्याच गावातून, जबाबदार माणसांनी, छापण्यासाठी नव्हे तर खाजगीत लिहिलेली. पाठ केलेल्या व्याख्येप्रमाणे शंभर टक्के प्रायमरी. तरी गोखले उघडे पडले, का? कारण लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. पुण्यात काय बोललं जात होतं, लोक किती घाबरले आणि चिडले होते, यासाठी ती पत्रं अस्सल. त्या दोन बायकांच्या घरात काय झालं यासाठी तीच पत्रं सांगोवांगी. गोखल्यांनी, इतका सावध माणूस असून, दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर लावलं.

आणि थांब, लगेच उलटी उडी मारू नकोस, की माफी मागितली म्हणजे काहीच घडलं नव्हतं. माफीसुद्धा एक कागदच आहे ना? रँडच्या खुनानंतर पुण्यावर सरकारचा दात होता, टिळकांना अटक झाली होती आणि त्याच सालात दीड वर्षाची शिक्षाही होणार होती, अशा वेळी कुठल्या घरची बाई किंवा तिचा नवरा पुढे येऊन साहेबासमोर सांगणार होता की होय, आमच्या घरात हे झालं? तेव्हाची अब्रूची कल्पना काय होती? माफीपत्र हे गोखल्यांच्या राजकारणाला आणि स्वभावाला प्रायमरी आहे. झडतीत काय घडलं याला ते पुरावाच नाही, तिथे तुला पुरावा नाही एवढंच लिहिता येतं, आणि ते लिहायला धाडस लागतं कारण दोन्हीकडचे लोक चिडतात. मला विचारशील तर तुझं एक अख्खं चॅप्टर या एका प्रकरणावर उभं राहील, आणि ते चौदा पुस्तकांच्या सारापेक्षा वाचायला कितीतरी बरं असेल.

दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त आहे, तेही असंच वाचायचं. फासावर जायच्या आधी (१८ एप्रिल १८९८ ला गेले) माणूस स्वतःबद्दल लिहितोय, त्याच्या मनात काय होतं याला त्याच्याइतका साक्षीदार कुठला आणायचा? पण शहरातल्या बाकीच्यांना रँडबद्दल काय वाटत होतं ते त्यावरून ठरवू नकोस. आणि सिनेमा बघून लिहिलेलं जे काही चॅप्टरमध्ये शिरलं असेल ते निमूट काढ, संवाद विशेषतः. "गोंद्या आला रे" हे चापेकरांचा इशारा म्हणून सांगितलं जाणारं वाक्य तू कुठून घेतलंस? हाच गृहपाठ घे, ते मागे मागे नेत जा, पुस्तक, त्याच्या आधीचं पुस्तक, त्याच्या आधीचा कागद, कुठे जाऊन थांबतं बघ. एका वाक्याचा असा माग एकदा काढलास की व्याख्या बघायची गरजच पडणार नाही तुला.

मधल्यामध्ये लोंबकळणारे सोर्स पण असतात बरं का. न. चिं. केळकरांनी लिहिलेलं टिळकांचं चरित्र घे, पहिला खंड १९२३ चा, चरित्र म्हणजे सेकंडरी म्हणून मोकळी होशील. पण केळकर १८९६ पासून टिळकांच्या हाताखाली पुण्यातच काम करत होते, साथ त्यांनी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे त्याच पुस्तकात काही पानं ऐकून-वाचून लिहिलेली आणि काही पानं साक्षीदाराची, तीही पंचवीस वर्षांनी आणि टिळकांवरच्या भक्तीने भरलेली. असल्या पुस्तकाला एकच शिक्का मारायला जाशील तर फसशील, पान बघून ठरव. विश्वकोश, विकिपीडिया वगैरे सुरुवातीला दिशा कळायला वाच, फुटनोटमध्ये नको, संपला विषय.

कुठे जायचं? मुंबईत काळाघोड्याला एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, सरकारी फायली तिथे. गाईडचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, आणि पहिला दिवस फक्त फाईलींच्या याद्या वाचण्यात जाणार हे धरून चाल, एका दिवसाचं रिटर्न तिकीट काढून जाणारे रडत येतात. पुण्यात केसरीवाडा आहे, युनिव्हर्सिटीची जयकर लायब्ररी आहे. ब्रिटिशकालीन साथीचे छापील अहवाल नेटवर पुष्कळ मिळतात, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर भारतातल्या वैद्यकीय अहवालांचा मोठा साठा फुकट ठेवलाय. आणि मराठी पेपरात नुसतं 'प्लेग' शोधू नकोस, ग्रंथिक सन्निपात, गाठीचा ताप, हेही शब्द बघ, नाहीतर अर्धा मजकूर डोळ्यासमोरून जाईल आणि कळणारही नाही. बातम्यांइतक्याच जाहिराती वाच, कोण काय औषध विकतंय, कोण गावाबाहेर जागा भाड्याने देतंय, कारण जाहिरात देणारा इतिहासासाठी काही लिहीत नसतो.

राहिली आजी. तिला मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

आजी ८८ ची म्हणजे १९३७ च्या आसपासची, तिची आजी १८९७ ला दहा-बारा वर्षांची पोर असणार. त्या पोरीने पाहिलं, म्हातारपणी नातीला सांगितलं, नात आता तुला सांगतेय. १८९७ ला काय घडलं याला हे दोन हात लांबचं, शिवाय प्लेग काही एकदाच येऊन गेला नाही, पुढे कितीतरी वर्षं परत परत येत राहिला, आणि १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ पण मध्येच घुसलेली असू शकते, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात या सगळ्या साथी एकच होऊन जातात. म्हणून तारखेला आणि आकड्याला आजी नको. पण माळावर झोपड्या टाकून राहणं, उंदीर पडला की घर सोडणं, कुणाला मागे ठेवून यावं लागलं, कुठली गोष्ट सांगताना ती अजूनही आवाज खाली करते, हे कुठल्या रिपोर्टात आहे? सव्वाशे वर्षांनी एका घरात प्लेगची आठवण कशी उरलीय, असा प्रश्न विचारलास तर तुझी आजी हीच अस्सल साधन आणि तिच्या तोडीचं दुसरं नाही.

फक्त नीट कर. "आजी सांगते" असं मोघम लिहू नकोस, रेकॉर्डिंगची तारीख, ठिकाण, कोण कोण बसलं होतं ते टिपून ठेव, तिची परवानगी घे आणि तीही रेकॉर्ड कर. "गोरे सोल्जर आले होते का गं?" असं विचारू नकोस, ती तुला खूश करायला हो म्हणेल. "तुझ्या आजीने काय सांगितलं होतं?" एवढंच विचार आणि गप्प बस. ताप गाठीचा होता का मानमोडीचा हे तिचं सगळं सांगून झाल्यावर विचार. मध्ये ती तांदूळ निवडायला लागली, शेजारणीबद्दल बोलायला लागली तरी बंद करू नकोस.

आर्काइव्हची फाईल पुढच्या महिन्यात पण तिथेच असेल. हे काम या रविवारी कर, सकाळी, तिचा चहा झाल्यावर, दुपारी ती पेंगते असं तूच लिहिलंयस. फोन आदल्या रात्री पूर्ण चार्ज कर, आणि तुझ्या आईलाही बसव बरोबर, तिने यातलं काही वेगळं ऐकलेलं असेल तर दोघींचं जुंपू दे, तेही रेकॉर्ड होऊ दे.

– ताई